दहा बाय दहाची ध्वनिशाळा : साधन कोणाचे, आवाज कोणाचा?

गाणे हे आंबेडकरी चळवळीचे जुने हत्यार आहे, हे येथील वाचकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलसे उभे केले, तेव्हा ज्या माणसाला अक्षर वाचता येत नव्हते त्याच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार ढोलकीच्या आणि डफाच्या साथीने पोचला. परंतु त्या पिढीतील किती गायकांचा प्रत्यक्ष आवाज आज आपण ऐकू शकतो, असे विचारले तर उत्तर फारसे समाधानकारक येत नाही. शब्द वह्यांत राहिले, काही पुस्तकांत आले. आवाज मात्र बहुतेक वेळा गायकाबरोबरच गेला.

याला कारण आहे. ध्वनिमुद्रणाचे साधन आपल्या हाती नव्हते. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले आणि या देशातील व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झाले. कोणाचा आवाज टिकवण्याच्या लायकीचा आहे हे तेव्हापासून कंपन्या ठरवू लागल्या, आणि ज्याला विकत घेणारा श्रोता नाही असे त्यांना वाटले तो आवाज तबकडीपर्यंत पोचलाच नाही. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली तेव्हा ही भिंत काही अंशी पडली. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर भीमगीतांच्या कॅसेटचे गाळे लागू लागले. तरीही ध्वनिमुद्रणगृह तासाच्या भाड्यानेच मिळत असे. पैसे संपले की गाणे संपले! मूळ फीत राहायची निर्मात्याकडे, आणि गायकाच्या हाती यायच्या चार कॅसेटी.

आज परिस्थिती बदललेली आहे. एक साधा टॅबलेट, एक माइक, कानाला लावायचा हेडफोन आणि घरी बनवलेले दोन-चार ट्रिगर, एवढ्या सामग्रीवर वस्तीतील दहा बाय दहाच्या खोलीत ध्वनिशाळा उभी राहू शकते. ती कशी उभी करावी हे या लेखात सांगायचे आहे. त्याबरोबरच हेही सांगायचे आहे, की साधन हाती आले म्हणून मालकी आपोआप हाती येत नाही. ती वेगळी कमवावी लागते.

खोली

ध्वनिशाळा म्हटली की काचेची भिंत आणि गालिचा डोळ्यांपुढे येतो. त्याची गरज नाही. खोलीने दोन कामे करावीत : बाहेरचा गोंगाट कमी आत यावा आणि आतला आवाज भिंतींवर आपटून घुमू नये. पहिले काम आपल्या चाळीत आणि झोपडपट्टीत जवळजवळ अशक्य आहे. पत्रा आणि अर्ध्या विटेची भिंत आवाज अडवत नाही. तेथे वेळ निवडणे हाच उपाय. नळाला पाणी येण्याची वेळ, शेजारचा कुकर, रस्त्यावरची भाजीची गाडी यांचे वेळापत्रक चार दिवस पाहावे. गाणे घेताना पंखा बंद ठेवावा. टॅबलेटचे फोन आणि संदेश येण्याचे मार्गही बंद करावेत.

दुसरे काम मात्र आपल्या घरातच होण्यासारखे आहे. उघड्या भिंतींवरून परतणारा आवाज मऊ आणि जाड वस्तू शोषून घेते. आपल्याकडे वाकळ आहे. जुन्या लुगड्यांचे थर शिवून आईने केलेली वाकळ या कामी विकतच्या पातळ फोमपेक्षा उणी ठरत नाही. गायकाच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर वाकळा टांगाव्यात, भिंतीपासून चार बोटे दूर. मधल्या पोकळीमुळे त्या अधिक काम करतात. कपड्यांनी भरलेली फळी, गाद्यांची चळत, पुस्तकांची मांडणी या साऱ्यांचा उपयोग होतो.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. वाकळ चढे आवाज शोषते, खर्जाचे तिला ऐकत नाहीत. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा स्वर घुमतो, आणि खोली चौरस असेल तर दोन्ही दिशांना तोच स्वर घुमत राहतो. म्हणून माइक अगदी कोपऱ्यात ठेवू नये, खोलीच्या नेमक्या मध्यभागीही ठेवू नये. मध्यापासून थोडा सरकवून, टाळी वाजवून ऐकावे. जेथे टाळी कोरडी वाटेल ती गायकाची जागा.

टॅबलेट आणि माइक

टॅबलेट हा येथे फीत, मिश्रण-यंत्र आणि वाद्यांचे कपाट अशी तिन्ही कामे करतो. आयपॅड २०१० साली बाजारात आला, आणि पुढच्याच वर्षी त्यावर गॅराजबँड हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर आले. ते आज मोफत मिळते. अँड्रॉइडच्या टॅबलेटवर बँडलॅबसारखी मोफत सॉफ्टवेअरे चालतात. जुना टॅबलेट घ्यावयाचा असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात : हवे ते सॉफ्टवेअर त्यावर चालते काय, बाहेरचा माइक जोडता येतो काय, आणि हेडफोनचे भोक आहे काय. नवीन टॅबलेटांना हे भोक बहुधा नसते. तेव्हा हेडफोनची जागा असलेला यूएसबी माइक घेतला तर एकाच तारेत दोन्ही कामे होतात.

बिनतारी हेडफोन गाणे ऐकण्यास ठीक. गाणे मुद्रित करण्यास तो निरुपयोगी आहे, कारण त्यातून आवाज कानापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यात ताल निसटतो.

गायकाचे तोंड आणि माइक यांत एक वीत अंतर असावे. मधे भरतकामाच्या रिंगणात ताणलेले पातळ कापड धरले की 'प', 'फ', 'भ' यांचा वाऱ्याचा धक्का माइकला बसत नाही. पट्टी ठरवताना गायकाला त्याच्या सर्वांत मोठ्या आवाजात एक कडवे गायला सांगावे, आणि तेव्हाही दर्शक शून्याच्या सहा ते बारा डेसिबल खालीच राहील अशी बेताची पातळी ठेवावी. शाहीर रंगात आला की आवाज चढतो. त्याला जागा ठेवलीच पाहिजे. फाटलेला आवाज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही.

ट्रिगर : ठोक्याचा निरोप

आता ट्रिगर. हा शब्द अवघड वाटला तरी वस्तू सोपी आहे. दारावरच्या घंटीत, गजराच्या घड्याळात, वाजणाऱ्या खेळण्यात पितळेची एक पातळ चकती असते आणि तिच्यावर पांढऱ्या पदार्थाचा गोल थर असतो. हिला पिझो चकती म्हणतात. तिला वीज दिली की ती थरथरते आणि वाजते. उलट, तिला धक्का दिला की ती वीज निर्माण करते. स्फटिकांचा हा दुसरा गुण प्येर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिला. आपल्याला तोच वापरायचा आहे. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात ही चकती काही रुपयांना मिळते. २७ किंवा ३५ मिलिमीटर व्यासाची घ्यावी.

पाटी अशी बनवावी. प्लायवुडचा वीतभर चौकोनी तुकडा घ्यावा. त्यावर जुन्या स्लिपरच्या तळव्याचा किंवा गादीच्या फोमचा पातळ थर चिकटवावा. त्यावर चकती, चकतीवर पुन्हा फोमचा पातळ थर, आणि सर्वांत वर सायकलच्या किंवा मोटारीच्या टायरच्या ट्यूबचा तुकडा ताणून मागे खिळ्यांनी ठोकावा. पांढऱ्या थराला लाल तार आणि पितळेला काळी तार असा सोल्डरचा डाग द्यावा. डाग चटकन द्यावा, कारण फार वेळ उष्णता दिली तर पांढरा थर निकामी होतो. जोडावर गोंदाचा थेंब टाकून तार पक्की करावी. बहुतेक ट्रिगर येथेच तुटतात.

दोन तारांच्या मधे १ मेगाओहमचा रोधक जोडावा. त्यामुळे साठलेली वीज ओसरते आणि पुढच्या ठोक्याला चकती मोकळी होते. जोराच्या ठोक्याला या चकतीतून काही दशके व्होल्टसुद्धा निघू शकतात, म्हणून ५.१ व्होल्टचा झेनर डायोडही जोडावा. त्याचा पट्टा असलेला पाय लाल तारेकडे, दुसरा काळ्या तारेकडे. नाहीतर पुढचे यंत्र बिघडेल.

पुढचे यंत्र म्हणजे आर्डुइनो जातीची एक लहान पाटी. यात एक बारकावा आहे. आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो यांवरील चिप टॅबलेटला स्वतःची ओळख वाद्य म्हणून करून देऊ शकते. उनो या प्रसिद्ध पाटीला ते थेट जमत नाही. म्हणून खरेदी करतानाच विचारून घ्यावे. ही पाटी चकतीतून आलेली वीज ० ते १०२३ अशा आकड्यांत मोजते, तिचे १ ते १२७ अशा जोरात रूपांतर करते आणि टॅबलेटला कळवते. कळवण्याच्या या भाषेला मिडी म्हणतात. ती १९८३ साली ठरली आणि आजही तीच चालते. मिडीतून आवाज जात नाही, निरोप जातो : 'अमुक पाटीवर, अमुक जोराने ठोका पडला.' त्या निरोपावर कोणता आवाज वाजवायचा हे टॅबलेट ठरवतो. अँड्रॉइडमध्ये ही सोय ६.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून आहे.

आर्डुइनोत भरायच्या आज्ञा मोफत उपलब्ध आहेत. विज्ञान शाखेचा कोणताही विद्यार्थी एका रविवारी त्या भरू शकेल. त्यात चार गोष्टी जुळवाव्या लागतात. पहिली, उंबरठा : किती वीज आली म्हणजे तो ठोका मानायचा. तो फार खाली ठेवला तर कोणी खोलीत चालले तरी पाटी बोलते, फार वर ठेवला तर हलका ठोका ऐकूच येत नाही. दुसरी, शिखर : उंबरठा ओलांडल्यावर दोन-तीन मिलिसेकंद थांबून सर्वांत मोठा आकडा धरायचा, तोच ठोक्याचा जोर. तिसरी, विश्रांती : एका ठोक्यानंतर तीस-चाळीस मिलिसेकंद यंत्राने काही ऐकायचे नाही, नाहीतर चकतीच्या थरथरीमुळे एका ठोक्याचे दोन होतात. चौथी, चुगली : एका पाटीवर मारले की शेजारची बोलते. त्यासाठी प्रत्येक पाटीखाली फोम घालून त्या एकमेकींपासून अलग ठेवाव्यात.

ठोका पडणे आणि आवाज ऐकू येणे यांत थोडा विलंब राहतोच. दहा मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब बहुतेकांना खटकत नाही. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे साडेतीन मीटरवर बसलेल्या ढोलकीवाल्याचा ठोकाही आपल्याला दहा मिलिसेकंदांनी उशिराच ऐकू येतो. सॉफ्टवेअरमध्ये 'बफर' नावाची जागा असते. ती २५६ नमुन्यांवर ठेवली तर तेवढ्यापुरता विलंब सहा मिलिसेकंदांच्या आत राहतो.

या पाट्यांचा एक मोठा गुण वस्तीत राहणाऱ्यालाच कळेल. त्यांवर हेडफोन लावून वाजवता येते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आहे. पण पातळ भिंतीच्या घरात साधी ढोलकीसुद्धा शेजारच्या दहावीच्या मुलाला नकोशी होते. दिवसभर कामाला जाणाऱ्या मुलाने रात्री अकराला ताल घोटायचा कोठे? या प्रश्नाला आजवर उत्तर नव्हते.

कातडे आणि पितळ

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आपल्या समाजात वाद्य ही निव्वळ वाद्य कधीच नव्हती. कातडे कमावणारा, वाद्य मढवणारा आणि हलगी वाजवणारा यांना गावगाड्याने अस्पृश्य ठरवले, आणि त्याच कातड्यावरील बोट दरबारात फिरले तेव्हा त्याला शास्त्रीय मान दिला. दक्षिणेत मृदंग मढवणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांवर टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिले, तेव्हा हे व्यस्त चित्र सर्वांसमोर आले. वाद्य करणारा एका जातीचा, व्यासपीठावर मान घेणारा दुसऱ्या जातीचा.

हलगीची गोष्ट आणखी कठीण. गावकीचे काम म्हणून, प्रेतापुढे आणि देवापुढे, हक्काच्या भाकरीसाठी ती वाजवावी लागे. म्हणून ती खाली ठेवणे हा अनेकांच्या दृष्टीने मुक्तीचाच एक भाग होता, आणि तो निर्णय चूक म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तमिळनाडूत पराई या वाद्याबाबत हाच वाद झाला. तेथे एका बाजूने गुलामीचे चिन्ह म्हणून ते नाकारले गेले, दुसऱ्या बाजूने स्वाभिमानाचे चिन्ह म्हणून ते पुन्हा उचलले गेले. पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या गायक-वादकांच्या संचाने जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत पहिला कार्यक्रम केला, तेव्हा वस्तीतील गाणा, रॅप आणि रॉक एकाच मंचावर जातीविरुद्ध उभे राहिले.

ट्रिगरने या वादात नवी बाजू आणली आहे. पितळेच्या चकतीला कातडे लागत नाही, शेकायला जाळ लागत नाही, पावसाळ्यात ती उतरत नाही. ज्याला हलगी हाती धरताना जुना अपमान आठवतो त्याला ताल मिळतो आणि अपमान मागे राहतो. शिवाय येथे वाद्य करणारा आणि वाजवणारा एकच माणूस आहे. मुलगी असो की मुलगा, जिने पाटी ठोकून बनवली तीच ती वाजवते. ही गोष्ट लहान नाही.

परंतु यात एक धोकाही आहे. ट्रिगर फक्त एवढेच सांगतो की ठोका किती जोराचा होता. हलगीवाला एका हातातील जाड टिपरी आणि दुसऱ्या हातातील बारीक काडी यांनी मध्यावर, कडेला, कातडे दाबून, सोडून जे बोल काढतो, ते १२७ पायऱ्यांत मावत नाहीत. आणि टॅबलेटमध्ये तयार येणारे ढोलाचे आवाज कोणाच्या हातचे आहेत हे कोठे लिहिलेले सापडत नाही. आपणही तेच आवाज आपल्या गाण्यात घातले तर ज्याला गावाने नाव दिले नाही त्याला यंत्रही नाव देणार नाही.

यावर उपाय आहे. आपल्या भागातील हलगीवादकाला सन्मानाने बोलवावे. त्याच्या वेळेचे मानधन आधी ठरवून द्यावे. त्याचा प्रत्येक बोल हलका, मध्यम आणि जोराचा असा तीन वेळा मुद्रित करावा. कोआला सॅम्पलरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ते बोल भरले की आपल्या रबरी पाटीवरून त्याची हलगी बोलू लागते. आणि जेथे तो स्वतः येऊ शकतो तेथे त्यालाच बोलवावे. ट्रिगर सरावासाठी, आराखड्यासाठी आणि अडचणीसाठी आहे. माणसाची जागा घेण्यासाठी तो नाही.

नाव, हक्क आणि जपणूक

गाणे तयार झाले की ते महाजालावर टाकण्याची घाई होते. त्याआधी एका वहीत, अगदी साध्या शाळेच्या वहीत, पुढील नोंद करावी : गीतकार, चाल बांधणारा, गायक, प्रत्येक वादक, मुद्रण करणारा, ठिकाण, तारीख आणि कोणाला किती मानधन दिले ते. सर्वांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत. ही वही म्हणजे आपल्या ध्वनिशाळेचा सातबारा.

कायदाही थोडा माहीत हवा. कॉपीराइट कायद्याच्या १९९४च्या दुरुस्तीने गायक-वादकांना सादरकर्ता म्हणून हक्क मिळाला आणि तो पुढे ५० वर्षांचा झाला. २०१२च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाला आपले नाव लावून घेण्याचा हक्क त्यांना दिला, आणि गीतकार-संगीतकारांच्या मानधनातील वाट्यालाही संरक्षण दिले. लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे त्याच्या रचनेवर वारसांचा हक्क असतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या रचनांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. त्यांचे गाणे मुद्रित करून प्रसिद्ध करायचे तर वारसांची परवानगी घेतली पाहिजे. 'ते तर आपलेच आहेत' असे म्हणून शाहिराच्या घराला वगळणे, हे कंपनीनेच केले पाहिजे असे नाही. ते आपल्याकडूनही होऊ शकते.

शेवटी जपणूक. २४ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवर एका माइकचे मुद्रण मिनिटाला सुमारे ८ मेगाबाइट जागा घेते. तासाभराचे मुद्रण पाचशे मेगाबाइटच्या आत बसते. म्हणजे जागा महाग राहिलेली नाही. मूळ मुद्रणाच्या तीन प्रती असाव्यात : एक टॅबलेटमध्ये, एक वेगळ्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या घरी. पूर, आग आणि अतिक्रमणविरोधी मोहीम या तिन्ही गोष्टी आपल्या वस्तीला नवीन नाहीत. घर पाडले गेले तरी आवाज दुसऱ्या घरी असला पाहिजे.

याच सामग्रीवर जुन्या कॅसेटीही उतरवता येतात. टेपच्या हेडफोनच्या भोकातून तार काढून ती बाहेरचा आवाज घेणाऱ्या यूएसबी यंत्राला जोडावी. फीत आधी एकदा पुढे-मागे फिरवून मोकळी करावी. बुरशी दिसली तर चालवू नये, जाणत्याला दाखवावी. जशी ऐकू येते तशी पहिली प्रत जशीच्या तशी ठेवावी, खरखर काढण्याचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत.

कामाची सुरुवात कोठून करावी, असे विचारणारे कार्यकर्ते भेटतात. आपल्या तालुक्यात जलशात किंवा भजनी मंडळात उभी राहिलेली, आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेली माणसे किती उरली आहेत याची यादी करावी. शाळा-महाविद्यालयातील शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांवर सोपवावी. ट्रिगर बनायला एक रविवार लागतो, आणि तो पुढच्या महिन्यात बनवला तरी चालेल. यादीतील पहिल्या म्हाताऱ्याकडे मात्र याच रविवारी जावे. टॅबलेट आणि वाकळ बरोबर न्यावी, आणि त्याने गायला सुरुवात करण्यापूर्वी त्याचे पूर्ण नाव त्याच्याच तोंडून मुद्रित करून घ्यावे.